तालुका पान मिळालेल्या मुलीस

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप परवा रात्री वाचला. त्यात एक तक्रार आहे आणि एक प्रश्न. तक्रार अशी की राजकारणाचं पान मागितलं होतं आणि हाती आलं तालुका पान. म्हणजे ग्रामसभा, नळाचं पाणी, पालखी, शाळेचं स्नेहसंमेलन. प्रश्न असा की आपण वर्तमानपत्रवाले खरंच लोकांची मतं घडवतो, की तसं वाटून घेतो. तक्रारीकडे नंतर येतो, कारण प्रश्नाचं उत्तर दिलं की तिचं निम्मं काम होईल.

मतं घडवतो का? फारशी नाही. अग्रलेख वाचून मत बदललेला माणूस मला या पेशात भेटलेला नाही. अग्रलेख वाचून 'बघ, मी म्हणत होतो ना' म्हणणारे मात्र ढीगभर भेटले. माणसाचं मत घरातून येतं, वाड्यावरून येतं, जातीतून, देवळाच्या महाजनकीतून, चर्चच्या कपेलातून येतं, मुलाला नोकरी कोणी लावली यावरूनही येतं. त्यात आपल्या दोन कॉलमांची भर ती किती! पण सकाळी भाजीपावाच्या बशीवर लोक कशावरून हुज्जत घालणार आणि कुठली गोष्ट त्यांच्या कानावरच जाणार नाही, हे आदल्या रात्री बातम्या निवडणाऱ्या-लावणाऱ्या डेस्कवर ठरतं. आपली ताकद एवढीच. आणि ती थोडी नाही.

याचा पुरावा शोधायला गोव्याबाहेर जायला नको. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल घे. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की संघप्रदेश, म्हणजे केंद्रशासित प्रदेश, म्हणून वेगळा ठेवायचा, एवढाच प्रश्न मतपत्रिकेवर होता. 'गोमंतक' विलीनीकरणाच्या बाजूचा, 'राष्ट्रमत' विरोधातला. दोन्ही दैनिकं मराठी, हे आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. गोव्याने वेगळं राहावं हा युक्तिवाद मराठी वाचणाऱ्या घरांत मराठीतूनच शिरला. 'राष्ट्रमत'मधल्या उदय भेंब्रे यांच्या 'ब्रह्मास्त्र' सदराचं नाव त्या पिढीतली माणसं अजून काढतात. निकाल लागला तेव्हा संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ मतं पडली आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा.

इथपर्यंतची गोष्ट प्रत्येक जण सांगतो आणि वर म्हणतो, बघा लेखणीचं सामर्थ्य! पण पुढे काय झालं ते बघ. त्याच वर्षी मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. विलीनीकरण हीच ज्या पक्षाची मुख्य मागणी, जिच्यावर तो नुकताच हरला होता, त्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच लोकांनी पुन्हा सत्ता दिली. भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. मतदार तेच, मधे गेले दोन-अडीच महिने. जानेवारीत लोकांनी एका प्रश्नाचं उत्तर दिलं, मार्चमध्ये दुसऱ्याच प्रश्नाचं. गावात मराठी शाळा कोणी उघडली, कुळाला जमिनीवर हक्क देणारा १९६४ चा कायदा कोणी आणला, बहुजन समाजाचा माणूस पहिल्यांदा खुर्चीवर कोणामुळे बसला. त्या हिशेबात विलीनीकरण नव्हतं. दोन्ही बाजूंच्या संपादकांनी मिळून एक गोष्ट मात्र पक्की केली होती. कौलाच्या दिवसांत गोव्यात दुसरा विषय उरला नव्हता. एकमेकांवर तुटून पडणाऱ्या दोन वर्तमानपत्रांनी न ठरवता केलेलं हे एकत्र काम. भांडणाच्या दोन्ही बाजू छापल्या म्हणजे आपण तटस्थ झालो असं तुला कोणी सांगेल. भांडण कशावरचं हे आधीच कोणीतरी निवडलेलं असतं, हे विसरू नकोस.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १९६८ मध्ये, अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. तिथे मॅक्सवेल मॅकॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या दोन प्राध्यापकांनी नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपेल हिल नावाच्या गावात अजून मन न ठरवलेले शंभर मतदार गाठले. त्यांना विचारलं, या घडीला देशापुढचे मोठे प्रश्न कुठले? दुसरीकडे ते मतदार जी वर्तमानपत्रं, मासिकं वाचत आणि जे टीव्ही बघत, त्यांत कुठल्या विषयाला किती जागा मिळाली ते मोजलं. दोन्ही याद्या जवळजवळ एकसारख्या निघाल्या. १९७२ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला आणि 'अजेंडा सेटिंग' हा शब्दप्रयोग रुजला. त्याआधी १९६३ मध्ये बर्नार्ड कोहेन यांनी जवळपास हेच लिहून ठेवलं होतं की लोकांनी काय विचार करावा हे सांगण्यात वृत्तपत्रं बहुधा फसतात, कशाचा विचार करावा हे सांगण्यात मात्र कमालीची यशस्वी होतात. डेस्कवर आम्हाला ही नावं कोणी शिकवली नाहीत. पुढे वाचनात आली तेव्हा वाटलं, अरे, हे तर आपण रोज रात्री करतो.

तू शंकेखोर आहेस, म्हणून तुझा पुढचा प्रश्न मीच विचारतो. याद्या जुळल्या म्हणून काय झालं? कदाचित लोकांना जे महत्त्वाचं वाटतं तेच वर्तमानपत्र छापत असेल. ही शंका अगदी रास्त आहे. तिचं उत्तर १९८० च्या आसपास शांतो अय्यंगार आणि डोनाल्ड किंडर यांनी प्रयोगाने दिलं. त्यांनी लोकांना आठवडाभर रोज टीव्हीच्या बातम्या दाखवल्या, पण काही जणांच्या बातमीपत्रात देशाच्या संरक्षणातल्या उणिवांच्या बातम्या गुपचूप घातल्या. आठवडा संपला तेव्हा त्या लोकांना संरक्षण हा आधीपेक्षा मोठा प्रश्न वाटू लागला होता. बाकीच्यांना नाही. आणि खरी मेख पुढे आहे. राष्ट्राध्यक्षाचं काम कसं आहे असं विचारल्यावर ते लोक त्याला संरक्षणाच्याच मापाने मोजू लागले. म्हणजे बातमी तुला 'हा माणूस वाईट' असं सांगत नाही. ती फक्त हातात एक पट्टी देते आणि मोजायचं काम तुझ्यावर सोडते. निवडणुकीआधीच्या दोन महिन्यांत आपल्याकडे कुठली पट्टी वाटली जाते, ते पुढच्या वेळी बघून ठेव.

आता या सगळ्यातला मला सर्वांत उपयोगी वाटलेला धागा. १९७८ मध्ये हॅरॉल्ड झुकर यांनी दाखवलं की माध्यमांचा हा जोर सगळ्या विषयांवर सारखा चालत नाही. ज्याचा अनुभव माणूस स्वतः घेतो त्या विषयात वर्तमानपत्राचं फारसं चालत नाही. बाजारात इसवण, म्हणजे सुरमई, काय भावाने मिळाली हे म्हापशाच्या बाईला आपण सांगायची गरज नाही, आणि भाव उतरले असं खोटं छापलं तर ती आपल्याला हसेल. ज्याचा अनुभव नाही तिथे मात्र ती सर्वस्वी आपल्या हातात असते. परराष्ट्र धोरण, अर्थसंकल्प, दुसऱ्या तालुक्यातली खाण, न पाहिलेलं जंगल.

हे मी बरीच वर्षं तसंच्या तसं खरं मानलं. मग २०१८ च्या जुलैत मासळीतल्या फॉर्मेलिनचं, प्रेतं टिकवायला वापरतात त्या रसायनाचं, प्रकरण झालं. तू तेव्हा शाळेत असशील, पण घरात मासळी बंद झाल्याचं आठवत असेल. जून-जुलै मासेमारीबंदीचे महिने, त्यामुळे पावसात आपल्या ताटात येणारी बरीच मासळी परराज्यांतून ट्रकांनी येते. मडगावच्या घाऊक बाजारात अन्न व औषध प्रशासनाने तपासणी केली, जागेवरच्या चाचणीत फॉर्मेलिन असल्याची बातमी फुटली, मग प्रमाण मर्यादेत असल्याचा खुलासा आला, आणि त्या खुलाशाने संशय दुप्पट झाला. सरकारला बाहेरच्या मासळीवर काही दिवस बंदी घालावी लागली. ज्या राज्यात माशाशिवाय जेवण घशाखाली उतरत नाही तिथे बाजार ओस पडले. मासळी ही सगळ्यांत ओळखीची वस्तू, तिच्यातलं रसायन मात्र डोळ्यांना न दिसणारं, जिभेला न कळणारं. अनुभव आणि अज्ञान एकाच ताटात आले की बातमीला जी ताकद येते ती दुसऱ्या कशालाच येत नाही, असं माझं मत तेव्हा झालं. झुकरसाहेबांच्या म्हणण्याला माझी ही गोवन पुरवणी समज.

त्याच वर्षीची दुसरी गोष्ट त्याच्याशेजारी ठेवून बघ. ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून खाणी थांबल्या. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या पट्ट्यासाठी तो भूकंप होता. किनाऱ्यावरच्या काणकोणकराला किंवा मोरजीकराला मात्र खाण म्हणजे वर्तमानपत्रातली गोष्ट. तो तिच्याविषयी काय बोलणार ते सर्वस्वी आपण तिचं कुठलं अंग पुढे करतो यावर अवलंबून. आणि आपण अंगं बदलत आलो. पट्ट्यातल्या गावांत धूळ, गाळाने भरलेली शेतं, आटलेल्या विहिरी हे वर्षानुवर्षं चालू होतं, त्याच्या बातम्या त्या-त्या गावच्या म्हणून छापल्या जात. २०१२ मध्ये बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल आला, सरकारी तिजोरीचं सुमारे ३५ हजार कोटींचं नुकसान हा आकडा आला, आणि खाण म्हणजे लूट हा राज्याचा विषय झाला. मग त्याच वर्षी न्यायालयाची पहिली बंदी आली, आणि काही महिन्यांत बातम्यांत ट्रकमालक, बार्जमालक, कर्जाचे हप्ते आले. खाण तीच. धूळ खाणारा, तिजोरी मोजणारा आणि हप्ता भरणारा, तिघंही खरे. पण एका वेळी एकच पान एकवर असतो आणि उरलेल्या दोघांचा प्रश्न त्या दिवसापुरता नसल्यासारखा होतो. विषय निवडण्याइतकंच विषयाचं अंग निवडणंही महत्त्वाचं आहे, आणि ते मथळ्यात होतं. मथळा तू देणार आहेस.

इथे मालकीबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गोव्यातली कित्येक दैनिकं खाणउद्योगातल्या घराण्यांनी काढली. 'गोमंतक' चौगुल्यांनी सुरू केला आणि पुढे तो सकाळ समूहाकडे गेला. 'नवहिंद टाइम्स' आणि 'नवप्रभा' धेंपेंची, कोकणी 'सुनापरान्त' साळगावकरांचा होता. ही जगजाहीर गोष्ट आहे आणि या पैशाशिवाय आपल्याएवढ्याशा राज्यात इतकी वर्तमानपत्रं जगली नसती, हेही तितकंच खरं. लोकांना वाटतं, मालक रात्री फोन करून बातमी उडवतो. कुठल्याही घराण्याबद्दल हे म्हणत नाही, एकूण पेशाबद्दल सांगतो, की फोनाची गरजच पडत नाही. कुठल्या बातमीने कोणाच्या कपाळाला आठी पडेल हे डेस्कला वासाने कळतं. मग ती बातमी खोटी ठरत नाही, कोणी फाडतही नाही. ती 'अजून जरा पक्की करू' म्हणून उद्यावर जाते, उद्या परवावर, आणि शेवटी पान सातवर सिंगल कॉलमात निजते. न छापलेल्या बातमीला वाचक जाब विचारू शकत नाही.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या सेन्सॉरला हे फार नीट कळलं होतं. पोर्तुगीज अमलात वर्तमानपत्राचा मजकूर छापण्याआधी त्याच्या नजरेखालून जाई. लोकांचं मन वळवण्याच्या भानगडीत तो पडत नसे, नको तो विषय खोडून मोकळा होई. म्हणून तर वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांना १९५५ पासून गोवामुक्तीपर्यंत घाटातल्या जंगलात बसून गुप्त रेडिओ चालवावा लागला. लोकांना स्वातंत्र्य हवं की नको हे पटवून देण्याआधी, स्वातंत्र्य हा बोलण्याचा विषय आहे हे त्यांच्या कानावर घालणं भाग होतं.

आता आपल्याकडे सेन्सॉर नाही. आपल्याकडे डमी आहे. पहिल्याच आठवड्यात बघशील, दुपारी कधीतरी जाहिरात विभागाकडून पानांचे आराखडे येतात आणि त्यांवर जाहिरातींचे चौकोन आधीच आखलेले असतात. खाली आडवी सोनाराची, बाजूला उभी फ्लॅटवाल्याची, चतुर्थीच्या आधी तर पान शोधावं लागतं. १९ डिसेंबरचा मुक्तिदिन आणि ३० मेचा घटकराज्य दिन हे सरकारी जाहिरातींचे दिवस. मंत्र्याचा वाढदिवस असला तर शुभेच्छांची पानंच्या पानं. उरलेल्या जागेत गोवा बसवायचा. मग संध्याकाळी मजकूर येऊ लागतो. माहिती खात्याची प्रेसनोट फोटोसकट येते, पदनामं अचूक, कोण दीपप्रज्वलनाला होतं त्याची क्रमवार यादी. तिला हात लावावा लागत नाही, मथळा दिला की पान भरतं. सांग्याच्या वार्ताहराचा मजकूर मोबाइलवर तीन तुकड्यांत येतो, मधला तुकडा आधी. सरपंचाचं आडनाव वर एक, खाली एक. सर्व्हे नंबर अर्धवट. पाणी आठ दिवस नाही की अठरा, हे विचारायला फोन करावा तर रेंज नाही. घड्याळात नऊ वाजलेत, पान साडेनऊला सोडायचंय. सांग, काय लागेल? माध्यमांवर बोलणारे विद्वान इथे कटकारस्थान शोधतात. मला तिथे बहुतेक वेळा दमलेला उपसंपादक दिसला. जे सोपं ते लागतं. आणि सोपं कोणाचं असतं? ज्याच्याकडे पगारी टंकलेखक, फोटोग्राफर आणि गाडी आहे त्याचं. असा रोज थोडा थोडा कल साठतो आणि वर्षाअखेरीस वाचकाला वाटतं, गोव्यात काय चाललंय? तर उद्घाटनं.

म्हणूनच तुझं तालुका पान.

तू त्याला शिक्षा समजतेस, म्हणून एक गंमत सांगतो. सोमवारचा अंक काढून बघ. त्यात ग्रामसभांच्या बातम्या इतर दिवसांपेक्षा जास्त आणि मोठ्या दिसतील. कारण ग्रामसभा रविवारी होतात आणि रविवारी सचिवालय बंद, मंत्री आपापल्या मतदारसंघात लग्नं-मुंजी करत फिरतात. प्रेसनोटा आटतात, पान मोकळं राहतं. त्या रिकाम्या जागेत कुठल्यातरी गावातला माणूस उभा राहून 'आमच्या डोंगराचं रूपांतर कोणी मंजूर केलं' असं विचारतो आणि तो चार कॉलमांत लागतो. राज्यात १९१ पंचायती आहेत. त्यांच्या ग्रामसभा बुधवारी असत्या तर गोव्यातली जमिनीची अर्धी आंदोलनं पान एकपर्यंत पोचली असती का, याबद्दल मला शंका आहे. २००६-०७ मध्ये जमीनवापराच्या 'प्रादेशिक आराखडा २०११' विरुद्ध राज्यभर उठाव झाला आणि सरकारला तो रद्द करावा लागला, तेव्हा मोठमोठे लेख छापून आले. पण नकाशावर आपल्या गावातलं शेत कुठल्या रंगात रंगवलंय, हे लोकांनी गावागावांत बसून शोधलं होतं.

तुझ्या वयाची मुलं म्हणतात, काका, आता वर्तमानपत्र कोण वाचतं, अजेंडा फोनवर ठरतो. खरं आहे, आणि त्याचं चांगलं उदाहरणही आपल्याच घरचं आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये, सगळा देश टाळेबंदीत असताना, मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्ग रुंदीकरण आणि वीजवाहिनी या प्रकल्पांना वन्यजीव मंडळाच्या पातळीवर हिरवा कंदील मिळाला. रेल्वे दुपदरीकरणाला तो त्याआधीच मिळाला होता. विषय डेस्कवर जन्मला असता तर दोन दिवसांत विझला असता. तो जिवंत ठेवला विद्यार्थ्यांनी, चित्रकारांनी, जीवशास्त्राच्या अभ्यासकांनी, फोनवरून. वर्तमानपत्रं मागून आली. नोव्हेंबरात लोक चांदरला रेल्वेच्या रुळांवर रात्रभर बसले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुपदरीकरणाची परवानगी रद्द केली. तेव्हा माध्यमांना विषय कोण देतं, या प्रश्नाचं एक उत्तर 'कोणीही, चिकाटी असेल तर' असं आहे.

पण फोनवरही कोणीतरी डमी आखतंच, आणि ती आखणारा कोण हे तुला कधी भेटून विचारता येणार नाही. डेस्कवरच्या माणसाला निदान चहा पाजून विचारता येतं की माझी बातमी का उडवलीस. शिवाय लाइव्हवाल्यांनी एक नवीन खोड लावली आहे. पत्रकार परिषद सुरू झाली की फोन पुढे धरायचा आणि संपेपर्यंत दाखवायचं. प्रश्न विचारायचा कोणी, हे राहूनच जातं. त्यावर जास्त लिहीत नाही, तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आता कामाचं बोलू. मी सांगतो म्हणून दोन-तीन गोष्टी करून बघ, पटल्या नाहीत तर सोड.

घरातून निघताना, कुठलाही अंक किंवा फोन न उघडता, आपल्या मते आज गोव्यापुढचे पाच प्रश्न कुठले ते कागदावर लिही. मग सगळी वर्तमानपत्रं चाळ. पहिल्या आठवड्यात तुझी यादी आदल्या दिवशीच्या पान एकची नक्कल असेल, कारण आपण बातमीदारही आधी वाचकच असतो. महिन्याभरात त्यात एखादा विषय असा शिरेल जो कुठल्याच अंकात नाही. बसमध्ये ऐकलेला, आजीच्या औषधांवरून कळलेला, जिल्हा इस्पितळाच्या रांगेतला. तो धरून ठेव.

दुसरं, एक वही कर आणि तिच्यात मेलेल्या बातम्या लिही. म्हादईचंच बघ. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगाने म्हादईचं पाणी वळवणाऱ्या कर्नाटकच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाच्या सुधारित आराखड्याला मान्यता दिली आणि जानेवारीत गोव्यात दुसरा शब्द ऐकू येईना. सभा, ठराव, अग्रलेख, विर्डीची जाहीर सभा. उन्हाळा सरला आणि विषय ओसरला. नदी काही ओसरली नव्हती, लवादाचा २०१८ चा निवाडाही तसाच होता, न्यायालयातल्या याचिकाही तशाच. असल्या विषयांपुढे तारीख घाल आणि तीन महिन्यांनी संबंधित खात्याला साधा फोन कर, पुढे काय झालं? यात शौर्य काही नाही, पण फॉलोअप करणारा माणूस डेस्कवर दुर्मीळ असतो आणि वृत्तसंपादकाला रिकाम्या सोमवारी त्याची फार किंमत असते.

तिसरं, प्रेसनोट आली की तिच्यात काय आहे यापेक्षा ती आजच का आली हे विचार. कधी काही नसतं. कधी त्याच दिवशी विधानसभेच्या पटलावर एखादा अहवाल ठेवलेला असतो.

आणि मधूनमधून पणजी सोड. ग्रामसभेला जा, मागच्या बाकावर बस, नाव सांगू नकोस. कोमुनिदादची, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेची, बैठक बघ, खाजनातली, म्हणजे भरतीच्या पाण्याकाठच्या शेतातली, मानस (पाण्याचं दार) कशी उघडतात-मिटतात ते बघ, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणीवाल्याबरोबर पहाटे उभी राहा. वर म्हटलं ना, अनुभव नसलेल्या विषयात माणूस वर्तमानपत्राच्या हातात असतो. उपसंपादकही असतोच, फक्त तो दुसऱ्याच्या वर्तमानपत्राच्या हातात असतो. राजकारणाच्या पानावर तुला ही मोकळीक मिळाली नसती. तिथे चौघा नेत्यांनी एकमेकांना काय म्हटलं ते रोज टिपत बसली असतीस, आणि त्यातलं तीन चतुर्थांश त्यांनी तू टिपावं म्हणूनच म्हटलेलं असतं.

साहेबांकडे पान बदलून मागण्याआधी निदान एक पावसाळा जाऊ दे. पावसात तालुके बोलतात. दरड, तुंबलेली गटारं, फुटलेले बांध, पडलेले विजेचे खांब. आणि तुझे वार्ताहर सांभाळ. त्यांतल्या बऱ्याच जणांना ओळीच्या हिशेबाने तुटपुंजे पैसे मिळतात, कोणी शाळेत शिकवतो, कोणी दुकान चालवतो, त्यांना गावातच राहायचं असतं आणि छापून आलेल्या नावाची किंमत तेच मोजतात. रविवारी रात्री काणकोणहून मजकूर उशिरा आला तर ओरडू नकोस. ग्रामसभा लांबलेली असते. खालची सहा सेंटीमीटर साडेनऊपर्यंत रिकामी धर, आणि सर्व्हे नंबर त्याच्याकडून दोनदा वाचून घे.

तुझ्या आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका